मोबाइलवर खोकून टीबी कळत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "फोनवर तीनदा खोका, एआय ॲप ९८ टक्के अचूक सांगतं टीबी आहे की नाही. एक्स-रेचा फोटो टाकला तरी चालतं. रिपोर्ट चांगला आला तर थुंकी तपासायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता!" काल तो माझ्या मावशीने मला पाठवला. तिला तीन आठवडे खोकला आहे. म्हणून हे लिहायलाच हवं.

आधी ते ९८ टक्के. समजा, हजार माणसांत तिघांना टीबी आहे. सगळ्यांना डोळे झाकून 'टीबी नाही' सांगणारं ॲपही ९९.७ टक्के अचूक ठरेल, आणि तिन्ही रुग्ण सुटतील. विचारायचे आकडे दोन: आजारी माणसांपैकी किती पकडले, आणि निरोगी माणसांपैकी किती बरोबर सोडले? प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली ठेवलेली किमान अपेक्षा अनुक्रमे ९० आणि ७० टक्के. ती पूर्ण करणारी चाचणीसुद्धा या हजारांत जवळपास तीनशे निरोगी माणसांवर बोट ठेवेल. चाळणीनंतर पक्की तपासणी लागते ती यासाठीच.

आता खोकला. 'नेचर मशीन इंटेलिजन्स' या संशोधन नियतकालिकात २०२४ साली आलेला ब्रिटनमधला अभ्यास प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. ६७,८४२ लोकांचे आवाज, सोबत प्रत्येकाचा कोविड चाचणीचा निकाल. आवाजावरून कोविड ओळखण्यात सुरुवातीला संगणकाला ०.८५ गुण मिळाले. इथे १ म्हणजे निर्दोष आणि ०.५ म्हणजे छापा-काटा. मग वय, लिंग, लक्षणं सारखी असलेल्या बाधित आणि अबाधित लोकांची तुलना केली, तर गुण ०.६२ वर घसरले. संगणक मुख्यतः लक्षणं असलेली माणसं ओळखत होता, विषाणू नव्हे. अभ्यास कोविडचा आहे, पण टीबीतही फसगत अशीच होऊ शकते. रुग्णांचा खोकला वॉर्डात रेकॉर्ड केला आणि निरोगी लोकांचा घरी, तर यंत्र खोली, पंखा आणि माइकच शिकून बसतं. त्यात फोनमधली गोंगाट दाबणारी सोय बोलणं राखायला बनवलेली असते. खोकलाच कापला जाऊ शकतो. घोडबंदर रोडच्या कडेला केलेल्या रेकॉर्डिंगमधून काय उरणार?

एक्स-रेच्या फोटोचं थोडक्यात. १२ बिटच्या मूळ डिजिटल फाइलीत करड्या रंगाच्या ४,०९६ छटा असतात, मोबाइलच्या साध्या फोटोत २५६. वर ट्यूबलाइटची चमक आणि तिरका कोन.

मान्यतेबद्दल एक गोष्ट कबूल करावी लागते, ती अर्धी खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत छातीच्या डिजिटल एक्स-रेवर संगणकाने केलेलं वाचन स्वीकारलं आहे. पण ते १५ वर्षं आणि त्याहून मोठ्यांसाठी, फुफ्फुसाच्या टीबीसाठी, आणि केवळ चाळणीपुरतं. सॉफ्टवेअर एक गुणांक देतं. कितीच्या पुढे संशय धरायचा हे माणसं ठरवतात. खोकल्याच्या ॲपला ही मान्यता चिकटवणं म्हणजे सरळ फसवणूक.

सगळ्यात घातक वाक्य 'थुंकी तपासायची गरज नाही' हे. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या थुंकीच्या जनुकीय चाचण्यांमध्ये जंतूचा डीएनए सापडतो आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही कळतं. कुठलाही एक्स-रे हे सांगू शकत नाही. गाठींचा किंवा मणक्याचा टीबी तर खोकल्यात ऐकूच येणार नाही. खोटा दिलासा मिळालेला माणूस महिनाभर घरात खोकत राहतो, आणि त्याच घरात लहान मुलं असतात.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, यातलं काही असेल तर जवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात जा. सरकारी कार्यक्रमात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६. डबीत लाळ नको, बेडका हवा. लाळ दिली तर असलेला टीबीही सुटू शकतो. सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरा, उघड्यावर किंवा खिडकीशी उभे राहा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खोका. निदान २ मिलिलिटर जमलं की झाकण घट्ट लावून डबी त्याच दिवशी पोचवा. रिपोर्ट हातात आला आणि त्यात टीबी निघाला, तर रिफॅम्पिसिनचा निकाल काय आहे, हे विचारल्याशिवाय तिथून निघू नका.