पैसे भरलेत, खाऊन घ्या!

सुट्टी मंजूर झाली, हॉटेल ठरलं, गाडीत हवा भरून झाली, आणि आता हॉटेलच्या फोनवरची मुलगी जेवणाच्या प्लॅनचं गोड आवाजात विचारतेय, "सर, सीपी करू की एमएपी?" गांगरू नका. तुमच्या उत्तरावर फार काही अवलंबून नाही. पुढचे तीन दिवस घरातली माणसं किती वाजता उठणार, काय काय बघायचं राहणार आणि कुणाचं पोट बिघडणार, एवढंच. माझं ऐका आणि छातीठोकपणे सांगा, एमएपी. ऐपत असेल तर सरळ एपी. मी गेल्या डिसेंबरात बायको, आई, बाबा आणि दोन मुलं यांच्यासह महाबळेश्वरला तीन रात्री एमएपीवर काढून आलोय. सगळे सुखरूप आहेत. बाबांची साखरही आता खाली येतेय.

या अक्षरांचा अर्थ आधी समजून घ्या, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रुबाब करता येतो. ईपी म्हणजे युरोपियन प्लॅन, नुसती खोली. सीपी म्हणजे काँटिनेंटल, खोली अधिक नाश्ता. एपी म्हणजे अमेरिकन, खोली आणि तिन्ही वेळचं खाणं. एमएपी म्हणजे त्यातलंच 'मॉडिफाइड', म्हणजे एक जेवण वजा केलेलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली हॉटेलं खोली आणि जेवण यांचे पैसे एकत्रच घ्यायची, युरोपात खोलीचे वेगळे आणि ताटाचे वेगळे, त्यावरून ही नावं पडली. अमेरिकेत ती रीत कधीच मागे पडली. आपण मात्र अमेरिकन प्लॅनवर वरण-भात, बटाट्याची सुकी भाजी आणि जैन काउंटरवरची कांदा-लसूण नसलेली पावभाजी खातोय. इतकी निष्ठा अमेरिकेनेही स्वतःवर ठेवली नाही.

आता खरा प्रश्न, पैसे वाचतात का? वाचतात म्हणजे काय, धो धो वाचतात. फक्त हिशेब योग्य पद्धतीने करावा लागतो.

आमचा करून दाखवतो. सीपी आणि एमएपीमधला फरक मोठ्या माणसाला रात्री 750 रुपये, बारा वर्षांखालच्या मुलाला 500. थोरल्याला ऑक्टोबरात बारा पूर्ण झाली, पण डिसेंबर म्हणजे काही फार वेळ झालेला नाही, म्हणून त्याला वाटेत पसरणीच्या घाटात नीट पढवलं होतं. रिसेप्शनवरच्या माणसाने सहज म्हणून "कितवीत रे तू?" विचारलं. चिरंजीवांनी छाती पुढे काढून "सातवीत! तेरावं चालू आहे!" सांगितलं. खरं बोलावं हे घरात आम्हीच शिकवलंय, त्यामुळे तिथे काही बोलता आलं नाही. तर पाच मोठे, एक लहान. रात्रीचे 4,250. तीन रात्रींचे 12,750.

इथे कच्चे लोक चूक करतात. ते बाजारात जातात, साडेतीनशेच्या अमर्याद थाळीची पाटी बघतात आणि मनात गुणाकार करतात. पाच थाळ्या, धाकटी आपल्याच ताटातली अर्धी पुरी खाते, तीन रात्रींचे 5,250. आणि मग रात्रभर झोप लागत नाही. असं करायचं नाही. तुलना नेहमी हॉटेलच्याच मेनूकार्डाशी करायची. ते कार्ड खोलीत टीव्हीच्या रिमोटशेजारी बहुधा याचसाठी ठेवलेलं असतं. आमच्या कार्डावर पनीरची भाजी 420, दाल तडका 320, जिरा राइस 260, सूप 190, गुलाबजाम 160, आणि एक रोटी 55. बेरीज 1,405. समजा आम्ही सहाही जणांनी तिन्ही रात्री हे सगळं प्रत्येकी एकेक मागवलं असतं, म्हणजे धाकटीनेही एक अख्खी दाल तडका संपवली असती, तर बिल झालं असतं 25,290. आम्ही भरले 12,750. निव्वळ बचत 12,540 रुपये! हा हिशेब मी हॉटेलच्या लेटरहेडवर मांडून बायकोला दाखवला. तिने तो घडी घालून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

दुपारी तुम्ही बाहेर असाल, तेव्हा तोंडात काही घालाल, तो खर्च या हिशेबात अजिबात धरू नका. मक्याची पॅटिस, ग्लासात उंच रचलेलं स्ट्रॉबेरी क्रीम, वेण्णा लेकच्या काठावरचं भाजलेलं कणीस, हे जेवण नसतं. हा 'फिरण्याचा खर्च'. आम्ही दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटाने प्रतापगडावर गेलो. गड उतरेपर्यंत चार वाजले आणि पिठलं-भाकरीचा वास आला. चुलीवरची गरम भाकरी, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा, वर ताक. आई म्हणाली, "थोडंच घेऊ हं, रात्रीचं भरलंय आपलं." थोडंच घेतलं. बाबांनी तीन भाकऱ्या थोड्याच घेतल्या. आणि साडेआठला आम्ही सगळे, पोटात जागा नसताना, बुफेच्या रांगेत थाळ्या घेऊन उभे. कारण भरलंय.

हे 'भरलंय' नीट समजून घ्या, प्लॅनची सगळी ताकद त्यात आहे. ईपीवर राहणारा माणूस भूक लागली की जेवतो, नाही लागली की जेवत नाही. काही शिस्त नाही. एमएपीवाला घड्याळावर जेवतो. नाश्ता आठ ते दहा, रात्रीचं जेवण साडेसात ते दहा. मुंबई पॉइंटवर सूर्य अजून बोटभर वर असतो आणि तुम्ही गाडीच्या किल्ल्या शोधत असता, कारण सूर्यास्तानंतर सगळ्या गाड्या एकदमच सुटतात आणि मग साडेनऊशिवाय पोचणं नाही, आणि साडेनऊला पोचलं की रायत्यात फक्त पाणी उरतं. सूर्य काय, रोजच मावळतो. एपी घेतलात तर याहून मजा. दुपारचं जेवण वसूल करायला ऑर्थर सीटवरून परत हॉटेलात यायचं, वाटेत वेण्णा लेकच्या वाहतुकीत पाऊण तास, पेट्रोल आपलं. पण ताट फुकट!

बुफेला घाईघाईने जाऊ नका, आधी एक फेरी नुसती मारा. झाकणं उचलून बघा, वाफ तोंडावर घ्या, परत ठेवा. आमच्याकडे पहिल्या सकाळी इडली होती, पांढरी, गंभीर. रात्री 'चिली इडली' अशी पाटी दिसली. लाल झाली होती, सिमला मिरची अंगावर घेतली होती, पण सकाळी जिचा एक कोपरा धाकटीने चिमटीने तोडून परत ठेवला होता, ती मी लगेच ओळखली. गुलाबजाम पहिल्या रात्री पाकात होते. दुसऱ्या रात्री अर्धे कापलेले, वर पिस्ता. तिसऱ्या रात्री कस्टर्डमध्ये काहीतरी तपकिरी लागलं, त्याची मी चौकशी केली नाही. थोरल्याने तिन्ही रात्री फक्त हाका नूडल्स खाल्ल्या. साडेसातशेच्या नूडल्स. आमच्या कोपऱ्यावरचा गाडीवाला ऐंशीला प्लेट देतो, पण त्याच्याकडे कापडी नॅपकिनचा हंस कुठून असणार?

आणि हो, बुकिंग करताना पंचांग बघू नका. आम्ही नव्हतं बघितलं. तिसऱ्या दिवशी एकादशी निघाली. आईची एकादशी म्हणजे हॉटेलवाल्याच्या बापाचीही पर्वा नाही. बुफेत उपासाचं काय, तर कापलेली पपई आणि दही. साबुदाण्याची खिचडी मिळेल का विचारलं, तर मिळेल, पण 'आ ला कार्ट', 240 रुपये, वीस मिनिटं. म्हणजे न जेवण्याचे 750 आधीच दिलेले होते, आता खाण्याचे 240 वेगळे.

बाबा निवृत्त ऑडिटर आहेत. त्यांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी आईचं जेवणाचं गुलाबी कूपन पुढे केलं आणि म्हणाले, "हिच्या वाटचं मी जेवतो."

वेटर साताऱ्याकडचा, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्याने हात जोडले. "काका, एक कूपन एक पॅक्स."

"पॅक्स म्हणजे?"

"म्हणजे माणूस."

"मग तसं म्हण की. मी आत्ता माझ्या कूपनावर जेवलो. आता उठून परत बसतो, तिच्या कूपनावर. हरकत आहे?"

पोराने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने छताकडे. बुफे अमर्याद असताना दुसऱ्या कूपनाने नेमकं काय बदलणार, हे त्या खोलीत कुणालाच सांगता येत नव्हतं, पण बाबा परत बसले, अंगावरचा स्वेटर काढून जरा वेगळा माणूस होऊन बसले, आणि आईच्या वाटचं चार वाट्या कस्टर्ड खाल्लं. साखरेची गोळी होती, पण तिचा खर्च प्लॅनमध्ये नव्हता. कूपन मात्र त्या पोराने घेतलं नाही. "राहू द्या काका, तुमच्याकडंच."

प्लॅन घेताना फोनवर प्रश्न विचारून समोरच्याचा वेळ खाऊ नका. एमएपीतलं मोठं जेवण दुपारचं की रात्रीचं, आणि आदल्या दिवशी सांगून बदलता येतं का. खोल्या कमी भरल्या तर बुफेऐवजी ठरावीक थाळी देणार का. चहा आणि पाण्याची बाटली धरलीय की वेगळी. एक वेळ जेवलो नाही तर काही परत मिळतं का. 24 आणि 31 डिसेंबरच्या गाला डिनरची सक्ती आहे का, आणि मुलांनाही आहे का. सांगितलेल्या दरात जीएसटी आहे की वरून लागणार, कारण खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर तो पाच टक्के आणि त्याच्या वर गेलं की अठरा. हे सगळं विचारलंत तर उत्तरं मिळण्याची भीती असते. उत्तरं मिळाली की माणूस नुसता सीपी घेऊन मोकळा होतो, आणि उरलेल्या पैशांत बाजारात हवं तिथे, हवं तेव्हा जेवतो. अशा माणसाला पुढे आयुष्यात सांगायला काही उरत नाही.

काही ठिकाणी मात्र हा प्लॅन खरोखरच परवडतो, तिथे सावध राहा. ताडोब्याला मोहर्ली गेटजवळ राहिलात तर पहाटेची सफारी, दुपारची सफारी, आणि मधल्या वेळात रिसॉर्टच्या बाहेर जाऊन जेवायला फारसं काही नाही. तिथे एपी घेण्यातच शहाणपण, नाश्ताही खोक्यात बांधून देतात. तारकर्लीला घरगुती मुक्कामात काकू सकाळीच विचारतात, सुरमई की बांगडा, आणि जेवढी ताटं तेवढेच पैसे. आम्ही तिथे एकदा गेलो होतो. हिशेब मांडायला काही जागाच मिळाली नाही, नुसतं जेवलो आणि झोपलो. सहल कसली ती!

शेवटच्या सकाळी नाश्त्याची वसुली विसरू नका. चेकआउट दहाला, नाश्ता आठला, म्हणजे दोन तास आहेत. आम्ही साडेआठला बसलो. ऑम्लेट, पोहे, पुन्हा पोहे, ब्रेडला तिन्ही प्रकारचा जॅम. आईने आदल्या रात्रीच्या उपासाची भरपाई म्हणून दोन केळी पर्समध्ये टाकली, आणि तो सातारचा पोरगा शेजारच्या टेबलावरचे चमचे फार काळजीपूर्वक पुसायला लागला, आमच्याकडे पाठ करून. बायकोने दोन उकडलेली अंडी टिशूत गुंडाळली होती, ती तिनेच परत ठेवली. म्हणाली, "गाडीत वास येईल." प्रत्यक्षात पाचगणी सोडल्यावर पसरणीच्या तिसऱ्या वळणावर धाकटीने सगळा नाश्ता परत केला. अमेरिकन प्लॅन, मॉडिफाइड. गाडी धुण्याचे 600. फिरण्याचा खर्च.

वाईला नदीच्या घाटावर तोंडावर पाणी मारून थोडे सावरलो, गणपतीचं दर्शन घेतलं. बाराच्या सुमाराला सगळ्यांना मनापासून भूक लागली, सहलीतली पहिलीच. एका साध्या खानावळीत बसलो, स्टीलची ताटं, आमटी, वांग्याची भाजी, चपात्या. बिल द्यायला बाबांनी पाकीट उघडलं तर नोटांच्या आधी ते गुलाबी कूपन बाहेर आलं. मी म्हटलं, टाका आता ते.

त्यांनी ते पुन्हा घडी घालून आधार कार्डामागे ठेवलं. "तारीख नाहीये यावर," म्हणाले. "पुढच्या वर्षी दाखवून बघू."