दोन काट्यांचे वर्ष: २०२४ मोजण्यासाठी काही सूचना

सन २०२४ चा हिशेब ज्यांना अजून लागलेला नाही, अशा सुजाण वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. हिशेब न लागण्याचे कारण एवढेच, की तुम्ही अख्खे वर्ष एकाच काट्यावर तोलू पाहता. घरात दोन काटे असावेत: एक सोनाराचा, ज्यावर गुंजेचाही फरक कळतो, आणि एक वखारीचा, ज्यावर दहा-वीस किलो इकडचे तिकडे झाले तरी कोणी हूं की चूं करत नाही. कोणती गोष्ट कोणत्या काट्यावर ठेवायची हे एकदा समजले, की सकाळचे वर्तमानपत्र वाचून रक्तदाब वाढायचे काही कारण उरत नाही.

सरावासाठी सोपे उदाहरण घ्यावे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६ ऑगस्टला विनेश फोगाटने, तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकही लढत न हरलेल्या जपानच्या युई सुसाकीला हरवले आणि त्याच दिवशी ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वजन १०० ग्रॅमने जास्त भरले. रात्रभर घाम गाळून आणि केस कापूनही तेवढे काही उतरले नाही, आणि ती अपात्र ठरली. नियम तो नियम, असे त्या दिवशी तुम्हीही नाक्यावर उभे राहून म्हणाला असाल, आणि ते चूक नव्हते. हा सोनाराचा काटा.

आता दुसरा काटा काढा. घाटकोपरला पेट्रोल पंपाशेजारी उभा असलेला जाहिरातीचा फलक १२० फूट रुंद आणि तितकाच उंच होता. मुंबईत कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची आहे, म्हणजे क्षेत्रफळ नियमाच्या नऊ पट भरते. एवढा फलक खिशात लपवून आणता येत नाही. तो महामार्गावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता. तरीही १३ मेच्या वादळात तो पंपावर कोसळून १७ माणसे जाईपर्यंत कोणाच्याही हाती मोजपट्टी आली नाही, आणि आली तेव्हा ती फलकाला लावण्याऐवजी जागेला लावण्यात आली, कारण जमीन रेल्वे पोलिसांची आणि नियम महापालिकेचा असेल तर फूट कोणाचे धरायचे, हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. अशा प्रश्नांत सामान्य नागरिकाने पडू नये.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर वाऱ्याचा वेग मोजायचे यंत्र घरी ठेवण्याची शिफारस करतो. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींचा जो पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी उभा राहिला, तो २६ ऑगस्टला कोसळला. ताशी ४५ किलोमीटर वेगाचा वारा होता, असे शासनाकडून सांगण्यात आले. कोकणात पावसाळ्यात वारा येतो ही बातमी मुंबईपर्यंत उशिरा पोहोचली असावी. समोर भर समुद्रात खुद्द महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग आहे. वाऱ्याचा वेग कोणीच कळवला नसल्यामुळे तो अजून उभा आहे.

पुण्याच्या पालकांसाठी स्वतंत्र सूचना आहे. मुलांचा निबंध पक्का करून घ्यावा. १९ मेच्या पहाटे कल्याणीनगरात एका आलिशान गाडीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. गाडी चालवणारा मुलगा १७ वर्षे ८ महिन्यांचा होता. वयाच्या बाबतीत काटा किती बारीक धरला जातो, हे इथे लक्षात घ्यावे. काही तासांतच बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता. प्रस्तावना, विषयविस्तार आणि समारोप धरल्यास प्रत्येक मृत व्यक्तीच्या वाट्याला १५० शब्द येतात. लोक खवळल्यावर आदेश बदलला, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, आणि या कोट्यवधींच्या गाडीची नोंदणी १७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे रखडली होती, हेही उघड झाले. तुम्ही मात्र तुमच्या दुचाकीचा पीयूसी संपला आहे का, ते आजच बघून घ्या.

विद्यार्थ्यांनी गणिताचा नव्याने अभ्यास करावा, कारण जुने गणित २०२४ मध्ये चालले नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत १८० प्रश्न सोडवायचे असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक वजा होतो. म्हणजे सगळे बरोबर असल्यास ७२०, एक सोडल्यास ७१६, एक चुकल्यास ७१५. त्या वर्षी काहींना ७१८ आणि ७१९ मिळाले. पाचवीतल्या मुलालाही न पटणाऱ्या या आकड्यांचा खुलासा असा, की काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १५६३ जणांना भरपाईचे गुण दिले होते. ७२० पैकी ७२० मिळवणारे आधी ६७ होते. भरपाईचे गुण रद्द झाले, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर बदलले आणि शेवटी १७ उरले. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीने वर्षभर रात्री जागून एकेक गुण जोडायचा तो सोनाराच्या काट्यावर, आणि परीक्षा घेणाऱ्यांनी तो वाटायचा वखारीच्या. निकाल ठरल्या तारखेच्या दहा दिवस आधी, नेमका ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी लागला. एवढी कार्यक्षमता पाहून डोळे भरून यावेत.

त्या दिवशी डोळे इतरांचेही भरून आले. १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांच्या मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला ३५० च्या वर नेऊन ठेवले होते, काहींनी तर चारशे पार. पेट्या उघडल्या तेव्हा आघाडीला २९३ आणि भाजपला २४० जागा मिळाल्या. एका चाचणीवाल्या गृहस्थांना थेट प्रक्षेपणात रडू कोसळले. तुमच्या पावभाजीच्या बिलात तीन रुपये चुकले तर गल्लेवाल्याशी अर्धा तास वाद घाला. इथे पन्नास-शंभर खासदारांचा फरक पडला, तरी तीच मंडळी नोव्हेंबरात विधानसभेसाठी पुन्हा पडद्यावर बसली. त्यांचे मनापासून स्वागत करावे.

महाराष्ट्रातील मतदाराने याखेरीज पक्ष मोजताना बोटांचा वापर करावा, कारण शिवसेना दोन आणि राष्ट्रवादीही दोन आहेत. १५०० हा आकडा तर पाठच करावा: लाडक्या बहिणीला महिन्याला १५०० रुपये, आणि ३ ऑक्टोबरला अभिजात दर्जा मिळालेल्या भाषेला निकषाप्रमाणे किमान १५०० वर्षांचे वय. बहिणीला निवडणुकीत २१०० चा शब्द मिळाला. भाषेला मतदान करता येत नाही, त्यामुळे तिने आहे त्यात समाधान मानावे.

काही गोष्टी मात्र कोणत्याच काट्यावर ठेवू नयेत. जुलैत अनंत अंबानी यांच्या विवाहासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातले रस्ते दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत वळवले, तेव्हा वाहतूक पोलिसांच्या सूचनेत त्याला ‘सार्वजनिक कार्यक्रम’ म्हटले होते. सार्वजनिक असूनही तुम्हाला पत्रिका आली नसेल तर टपाल खात्याकडे चौकशी करावी. त्याच आठवड्यात, ८ जुलैच्या पहाटे, मुंबईच्या काही भागांत सहा तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि लोकल रुळांवरच थांबल्या. हा कार्यक्रम खरोखरच सार्वजनिक होता. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या तिकिटांसाठी सप्टेंबरात लागलेल्या ऑनलाइन रांगेत तुमचा क्रमांक सात लाखांच्या पुढे असला तर त्याचे छायाचित्र नातेवाइकांना जरूर पाठवावे. एवढ्या मोठ्या रांगेत आपण होतो हे सांगायलाही नशीब लागते.

वर्षअखेरीस जाता जाता पॉपकॉर्नचे पाहून घ्यावे. २१ डिसेंबरला जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने स्पष्ट केले, की तेव्हाच्या दरांप्रमाणे सुटे खारे पॉपकॉर्न ५ टक्क्यांत, लेबल लावलेले पाकीटबंद १२ टक्क्यांत आणि कॅरॅमलचे १८ टक्क्यांत बसतात, कारण साखर घातली की ती मिठाई होते. तेव्हा चित्रपटगृहात जाताना सुटे खारेच मागावे, आणि गोडाची सवय असेल तर गुळाचा खडा स्वतः न्यावा. दारावर पिशवी तपासतात, म्हणून तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवावा. अंधारात खाऱ्या पॉपकॉर्नबरोबर गूळ चघळल्यास कर किती टक्के, याचा खुलासा अजून आलेला नाही. तो येईपर्यंत जरा हळू चघळावे.