रविवार, सव्वाआठ

जर्मनीत कोलोनला आल्यावर पहिल्या महिन्यातच कळलं, रविवारी रात्री सव्वाआठनंतर शेजाऱ्यांची बेल वाजवायची नाही. टीव्हीवर 'टाटोर्ट' लागलेलं असतं, इथली गुन्हे-तपासाची मालिका. अर्थ सरळ, 'गुन्ह्याची जागा'. १९७० पासून चालू आहे. सुरुवातीचे ते डोळे, पळणारे पाय आणि क्लाउस डोल्डिंगरचं संगीतही जवळपास तेव्हाचंच. नव्वद मिनिटं, मध्ये एकही जाहिरात नाही. एक खून, एक तपास, पावणेदहाला विषय संपला.

२०२४ च्या डिसेंबरात 'सीआयडी' पुन्हा सुरू झालं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला. भाचा म्हणतो, दर भागात एक प्रेत, एक चुकीचा संशयित, शेवटी दयाने दार तोडायचं. हा काय साचा झाला? गोष्ट सांगायची तर आठ भागांची वेब सिरीज. आई म्हणते, निदान संपतं तरी! तिच्या रोजच्या मालिकेत तीन आठवडे लग्नच चाललंय, अंतरपाट अजून धरलेलाच.

मी आईच्या बाजूची. साचा असला म्हणून बिघडत नाही. कीर्तनाला साचाच असतो की, पूर्वरंग, उत्तररंग. आख्यान तर श्रोत्यांना पाठ. तरी बुवा कसे रंगवतात म्हणून माणसं मांडी घालून बसतात. (अमेरिकन 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये आधी पोलीस, मग वकील. मला तर तो पूर्वरंग-उत्तररंगच वाटतो.)

माझी तक्रार वेगळी आहे. सीआयडीतला खून नेमका कुठे होतो? मुंबईत म्हणतात, पण तो कुठेही झाला असता. इथे प्रत्येक प्रादेशिक वाहिनी आपापल्या शहराचं टाटोर्ट काढते. आमच्या कोलोनचे दोघे अधिकारी १९९७ पासून आहेत, म्हणजे सीआयडीच्या एसीपी प्रद्युम्नपेक्षा काही महिन्यांनी जुने. तपास उरकला की ऱ्हाईनकाठी सॉसेजच्या गाडीपाशी उभे असतात. म्युन्स्टरचे खून विनोदी असतात. स्विस भाग जर्मनीत दाखवताना प्रमाण जर्मनमध्ये डब करतात, इतकी त्यांची बोली वेगळी.

आपल्याकडे याला काय कमी आहे? ऊसतोड मुकादमाने दिलेली उचल, सातबाऱ्यावर रातोरात चढलेलं नाव, मालवणात बोटीवरून झालेली भांडणं, वऱ्हाडीत दिलेला जबाब. आणि सीआयडीची नाळ मराठीच. सीआयडीचे निर्माते बी. पी. सिंग आणि प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम ही जोडी आधी दूरदर्शनच्या मराठी 'एक शून्य शून्य'मध्ये होती.

आता हे बोलणं सोपं आहे. इथे टीव्ही बघा न बघा, घरटी महिन्याला अठरा युरोंवर सार्वजनिक वाहिन्यांची वर्गणी द्यावीच लागते आणि त्यावरून कायम कुरकुर असते. त्या पैशांवर एका शहराच्या वाट्याला वर्षाला टाटोर्टचे मोजकेच भाग येतात. मुंबईतल्या वाहिनीला आठवड्याचे सहा-सहा भाग टीआरपीच्या तलवारीखाली काढायचेत. तो लेखक मालवणला जाणार कधी? शिवाय टाटोर्ट पुष्कळदा नागरिकशास्त्राचा तास होतं. मी दोनदा सोफ्यावर झोपलेय.

तरी दर सोमवारी आईला फोनवर कालची गोष्ट सांगते. परवा अर्ध्यावर होते, तर म्हणाली, "थांब. पोलिसांना न विचारता कॉफी देणारा तो घरमालक ना?"

तोच होता.