काळ्या मातीला चुन्याचा सल्ला नको

मुंबईत रुळांलगतच्या पालकाचा, नाहीतर पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेच्या पाण्यावर वाढलेल्या मेथीचा, म्हणजे तिच्यात उतरणाऱ्या कॅडमियम-शिशासारख्या विषारी धातूंचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट ठरलेले. एक म्हणतो, उपटून टाका. दुसरा म्हणतो, शेणखत घाला, सेंद्रिय करा, जमीन आपोआप सुधारते. जपानात राहून हा वाद वाचताना खटकते ते एवढेच, की जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे ती किती आम्ल वा अल्कधर्मी) किती, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

इथे हा प्रश्न फार महागात शिकून झाला आहे. कामिओकाच्या खाणीतले कॅडमियम जिन्झू नदीतून तोयामाच्या भातखाचरांत उतरले आणि तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः बायकांची, हाडे ठिसूळ झाली. ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. रोगाचे नावच ते पडले. १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. पुढे ८६३ हेक्टरांत दूषित थर खाली गाडून वर बाहेरची स्वच्छ माती पसरली. काम २०१२ मध्ये संपले, खर्च सुमारे ४,०७० कोटी येन. हेक्टरी पावणेपाच कोटी येनच्या आसपास! एवढा पैसा नाल्याकाठच्या भाजीच्या वाफ्यांवर कुणी घालणार नाही. म्हणून उरतात ती भूसुधारके: चुना, कोळसा, कंपोस्ट, जस्त.

ती धातू काढून टाकत नाहीत. फक्त मुळाला तो सहज मिळणार नाही असा बांधून ठेवतात, आणि परिस्थिती बदलली की गाठ सुटते. कोणत्या जमिनीत कोणती गाठ बसते, खरा प्रश्न तो.

जपानी शेतकऱ्याला सल्ला असतो की विम्ल म्हणजे अल्कधर्मी खत-खनिजे घालून सामू ६.५ च्या आसपास चढवा, म्हणजे कॅडमियम कमी सुटते, आणि लोंबी बाहेर पडण्याआधी तीन व नंतर तीन आठवडे खाचरात पाणी उभे ठेवा. पाण्याखाली हवा नसते, कॅडमियम गंधकाशी जखडते. पाणी लवकर सोडले की तेच पुन्हा विरघळते आणि नेमके दाणा भरताना वर चढते. आता अडचण अशी, की ज्या पाण्याने कॅडमियम बसते त्याच पाण्याने लोहाचे थर विरघळून आर्सेनिक सुटते. शिवाय खाचर उशिरापर्यंत ओले राहिले तर कापणीयंत्र रुतते.

त्यावर तोड म्हणून अकिता प्रांताने २०२५ पासून ‘अकिताकोमाची आर’ हे वाण पुढे आणले. आयन किरणांनी मिळवलेल्या एका उत्परिवर्तनामुळे याची मुळे कॅडमियम जवळजवळ घेतच नाहीत. झाले, ‘किरणोत्सारी तांदूळ’ म्हणून इथेही गदारोळ उठला. तो निराधार आहे; किरण काही पिढ्यांपूर्वी बियाण्यावर पडले होते, दाण्यात उरलेले नाहीत. पण ज्या दारातून कॅडमियम शिरते त्यातूनच मँगनीजही शिरते, त्यामुळे मँगनीज कमी असलेल्या जमिनीत या भाताच्या पानांवर तपकिरी ठिपक्यांचा करपा जास्त येतो. हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यावर ओरडणारे कमी.

यातले आपल्याकडे काय चालेल? कोकणच्या जांभ्या जमिनीत चुना नक्की चालेल. सामू साडेपाचच्या आत असेल तर साधारण हेक्टरी दोन ते चार टन, म्हणजे गुंठ्याला २० ते ४० किलो चुनखडीची भुकटी. नेमका आकडा चाचणीवरून ठरवावा. कळीचा चुना नको, तो हातही भाजतो आणि मातीचा सामू एकदम चढवतो. लावणीआधी तीन-चार आठवडे ही भुकटी पसरून वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये मिसळायची. युरियाबरोबर चुना एकाच वेळी टाकला तर नत्र अमोनिया होऊन उडून जाते. चुना जास्त झाला तर जस्त, लोह आणि मँगनीज अडकून पाने पिवळी पडतात. आणि पाऊस व युरिया मिळून सामू पुन्हा खाली आणतातच, म्हणून दोन-तीन वर्षांनी तो परत मोजावा लागतो.

घाटावरच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत सामू आधीच आठच्या पुढे असतो. तिथे चुना म्हणजे पैसे मातीत. उलट सापळा वेगळाच आहे: चोपण (सोडियम साचून घट्ट झालेली) जमीन सुधारायला गंधक टाकले की सामू उतरतो आणि बांधलेले कॅडमियम मोकळे होते. विहिरीच्या खारट पाण्यातले क्लोराइडही कॅडमियमला विरघळते ठेवते. जस्ताची कमतरता असेल तर पीक जस्ताच्या जागी कॅडमियम ओढते. माती परीक्षणात उपलब्ध जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली आले तर गुंठ्याला पाव किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. सांडपाण्यावरच्या जमिनीत जस्त बहुधा भरपूर असते, तिथे हे औषध लागू नाही.

शिसे निराळे. ते मुळातून थोडेच चढते, धुळीतून पानावर बसते. रुळांलगतच्या लाल माठाला म्हणून मातीतले औषध फारसे लागत नाही. आच्छादन, भरपूर धुणे, आणि पालेभाजीऐवजी भेंडी, वांगी किंवा झेंडू. शिशाला बांधायला स्फुरद (फॉस्फरस) घालतात खरे, पण आर्सेनिक असेल तर तेच स्फुरद त्याला मोकळे करते.

राहता राहिले कंपोस्ट. ह्यूमस, म्हणजे कंपोस्टातला कुजून काळा झालेला अंश, धातू धरतो यात शंका नाही, पण कुजला की धरलेले सोडतो. आणि शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला खत नियंत्रण आदेशाने कॅडमियमची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम दिली आहे. मर्यादेला टेकलेले खत हेक्टरी १० टन टाकले तर वर्षाला ५० ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते. वरचा थर २,००० टनांचा धरला तर २० वर्षांत किलोमागे अर्धा मिलिग्रॅम भर. सेंद्रिय शब्दाने हा हिशेब बदलत नाही. पोत्यावर ‘सेंद्रिय’ वाचून थांबू नका, धातूंचा अहवाल मागा.

मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. सामू आहे, जस्त आहे. कॅडमियम आणि शिसे नाहीत. खरे तर जस्तासाठी डीटीपीए या धातू पकडणाऱ्या रसायनाच्या द्रावणात मातीचा जो अर्क काढतात, त्याच अर्कात कॅडमियम, शिसे, निकेलही मोजता येतात. धातू मोजणाऱ्या अणुशोषण यंत्राला त्या त्या धातूचा दिवा लागतो, इतकाच फरक. शहरांच्या खालच्या अंगाच्या तालुक्यांपुरते हे सुरू केले तरी कुठे चुना, कुठे जस्त, कुठे फक्त पीकबदल, हे कागदावर येईल.

तोवर खासगी प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर दहा-बारा जागची १५ सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या, बांध आणि उकिरड्याची जागा सोडून. ती प्लॅस्टिकच्या बादलीत मिसळा. जस्ताचा मुलामा दिलेल्या घमेल्यात मिसळली तर जस्ताचा आकडा खोटा येतो. पाणी पाटातून शिरते तिथला नमुना वेगळा द्या. गाळ पहिल्यांदा तिथेच बसतो.