खुलासा : ट्रक बंद पडतो म्हणून थेट पंप बदलू नका

‘जुना पेट्रोल इंजेक्शनचा ट्रक आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) थरथरतो, थांबताना बंद पडतो, म्हणजे फ्युएल पंप गेला’ असा सल्ला फिरतो आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. कमजोर पंप आधी चढावर, भार असताना दम सोडतो. फक्त आयडलला त्रास आणि वेग वाढवला की इंजिन सुरळीत, असे असेल तर आधी हवेची गळती शोधा: तडकलेले व्हॅक्यूम होज (इनटेकला जोडलेल्या रबरी नळ्या), इनटेकचे (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गाचे) गॅस्केट. मग कार्बनने अडकलेला आयडल व्हॉल्व्ह (आयडलला हवा सोडणारा) आणि उघडा राहिलेला ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) तपासा.

इंधनाचा दाब राखणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम होज काढून पाहा. आत पेट्रोल दिसले तर रेग्युलेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) फाटला आहे. रेग्युलेटर बदला, पंप नव्हे.

तरीही पंपावर संशय असेल तर इंधनाचा दाब मोजणारा गेज लावा. आकडा मात्र त्याच मॉडेलच्या मॅन्युअलचा घ्या. थ्रॉटल बॉडीवर (हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या भागावर) इंजेक्टर असलेल्या अनेक जुन्या ट्रकमध्ये दाब 9 ते 13 पीएसआयच (दाबाचे एकक) असतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्यांत तो 40च्या आसपास जातो. हा फरक न कळल्याने चांगले पंप भंगारात जातात.

थंड इंजिन ठीक, गरम झाल्यावर काळा धूर? इंजिनचे तापमान सांगणारा कूलंट सेन्सर मोजा.