जनरेटर बसवायला "वायरमन कशाला?" म्हणणाऱ्यांनो

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, वेळ नसेल तर खुशाल पुढे जा.

ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीच्या एका महाशयांनी व्हिडिओ टाकलाय. नवा जनरेटर आणला, खोक्यातून काढला आणि एक वायर घेतली जिच्या दोन्ही टोकांना पिनांचा प्लग. एक टोक जनरेटरला, दुसरं सरळ भिंतीतल्या सॉकेटात. अख्खं घर उजळलं, पोरं टाळ्या वाजवतायत. आणि वर लिहिलंय, "मेन बंद करायला तेवढं विसरू नका, वायरमनचे पैसे वाचले." खाली "भारी जुगाड दादा"च्या कमेंटांचा पाऊस.

तेवढं विसरू नका!! अहो लाइट गेली की अंधारात चप्पल सापडत नाही आपल्याला, आणि याच्या भरवशावर कुणाचा तरी जीव टांगायचा? मेन चालू राहिला तर तुमच्या जनरेटरचा करंट सर्व्हिस वायरने, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या वायरने, उलटा बाहेर जातो. ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट कळत नाही, एरवी तो व्होल्टेज उतरवतो, आता तोच चढवतो, तुमचे 230 व्होल्ट पलीकडे हजारोंत जातात, आणि तिकडे खांबावर लाइनमन चढलेला असतो कारण त्याच्या हिशोबाने ती लाइन बंद आहे. तुमचीच लाइट आणायला चढलाय तो. बरं, त्याचं सोडा (सोडू नका खरं तर), मधेच लाइट आली की तुमच्या मशीनचं वाइंडिंग जळलंच म्हणून समजा. आणि घाईत तो प्लग भिंतीतून उपसलात तर हातात उघड्या पिना, करंटसकट.

हे टाळायला असतो चेंजओव्हर स्विच. एकतर मेन नाहीतर जनरेटर, दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत, आतली रचनाच तशी. कुणाच्या लक्षात राहण्याचा प्रश्नच नाही.

आमच्याकडे जनरेटर बसवायला जे काका आले होते ते मला आज सारखे आठवतायत. लायसनवाले, याच भागात वर्षानुवर्षं काम करणारे, बोलायला अगदी कमी. बाबांना वाटलं दोन तासांचं काम. काकांनी पहिले दोन तास पान्ह्याला हातच लावला नाही. "लाइट गेल्यावर काय काय चालू हवं?" बाबा म्हणाले, सगळं. "सगळं म्हणजे काय ते सांगा." मग क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचा) घेऊन घरभर फिरले, एकेक वस्तू चालू करायला लावली आणि पुठ्ठ्यावर आकडे लिहीत गेले. पंप चालू केला तेव्हा मला बोलावून मीटर दाखवला, आकडा एकदम उसळला आणि खाली आला. म्हणाले, मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, जनरेटर त्या क्षणाला टिकला पाहिजे, नुसते वॉट जोडून भागत नाही.

बाबांचं लगेच, मग मोठाच घेऊ ना, असू दे जास्तीचा. दुकानदारानेही तेच भरवलं होतं. त्यावरही काका नाहीच म्हणाले. मोठं डिझेल मशीन कायम नाममात्र लोडवर चालवलं तर ते नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं इंधन नि काजळी आत साठत जाते. शिवाय दुकानात बोलतात केव्हीएमध्ये आणि आपल्या वस्तूंवर असतात वॉट, केव्हीएला पॉवर फॅक्टरने गुणलं की खरे किलोवॉट निघतात, 0.8 पॉवर फॅक्टरचं 5 केव्हीएचं मशीन म्हणजे 4 किलोवॉटच, हे बिल फाडताना सांगतो का कोणी?

आता तुम्ही म्हणाल वायरमन काय सगळे देवमाणसं असतात का. नसतात, अॅडव्हान्स घेऊन गायब होणारेही असतात, माहितेय मला. आणि एक पंखा, दोन दिवे एवढंच चालवायचं असेल, मशीन घरापासून लांब उघड्यावर ठेवून एक्स्टेंशनवर, तर नका बोलावू कुणाला. पण घराच्या वायरिंगला जोडायचं म्हटलं की विषय संपला.

खरा वाद झाला जागेवरून. बाबांनी ठरवलेली जागा म्हणजे मागचा जाळीचा व्हरांडा. पाऊस लागत नाही, चोरीची भीती नाही. काकांनी व्हरांड्यात उघडणारी खिडकी पाहिली आणि विचारलं, "आत कोण झोपतं?" बाबा म्हणाले, आई. म्हणजे माझी आजी. काका म्हणाले, इथे नाही बसवणार. बाबा चिडले, जाळी आहे, हवा खेळते, पंखा लावू, आणि पैसे मी देतोय ना? काकांनी पान्हे पिशवीत भरायला घेतले. "पैसे तुम्ही देताय, पण कागदावर सही माझी असते."

मला तेव्हा ते आगाऊ वाटले होते, आज लिहिताना घसा दाटून येतोय. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. जागा माणूस निदान डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून बाहेर तरी पडेल. झोपलेल्याला ते कळतही नाही. जाळी, पंखा, उघडी खिडकी, कशाचा भरवसा नाही. खिडक्या-दारांपासून किमान 20 फूट लांब, सायलेन्सरचं तोंड घराकडे नाही, आणि आत मोनॉक्साइडचा अलार्म, हे सगळं काकांनी एका दमात सांगितलं आणि बाबा गप्प झाले. मशीन कुंपणाजवळ गेलं, वर सुटी शेड, चारी बाजू मोकळ्या. केबल लांबली, खर्च वाढला, बाबा आठवडाभर कुरकुरले.

तर माझं म्हणणं एवढंच की आपण पैसे देतो ते या "नाही"चे. नट आवळायला कोणीही येईल. ऑनलाइनवाले "फ्री इन्स्टॉलेशन" म्हणून जो पोरगा पाठवतात तो मशीन तुम्ही दाखवाल तिथे ठेवतो, दोरी ओढून चालू करून दाखवतो, फोटो काढतो, गेला. अर्थिंग? "आहे ना घराला." बघितलं का? नाही. तुमच्या घरात लोड किती, झोपतं कोण, त्याला काय घेणंदेणं. गावातला माणूस उद्या रस्त्यात भेटणार असतो, बिघडलं तर दारात उभं राहून बोलता येतं त्याला.

आणि हो, काम झाल्यावर लगेच पैसे काढून देऊ नका. तुमच्यासमोर मेन पाडायला लावा, घर जनरेटरवर घ्या, पंप सुरू करा, तेव्हा व्होल्टेज किती पडतं ते मीटरवर बघा. बोर्डावर कुठला एमसीबी कशाचा ते लिहून घ्या. आमच्या काकांनी तर आजीला बोलावून चेंजओव्हरचा दांडा तिच्या हाताने फिरवून घेतला, मेन, बंद, जनरेटर, पुन्हा उलट. बाबांना नाही सांगितलं, आजीला! ती अजून ऐटीत सांगते सगळ्यांना.

काकांचा नंबर हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये या. तारीख उशिराची मिळेल, आणि जागा आधीच ठरवून ठेवली असेल तर ती मोडायची तयारी ठेवा.