रस्त्याच्या कडेला घेतलेली चाचणी म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे

अमेरिकेतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश वरचेवर फिरत असतो. त्याचा आशय असा : पोलिसाने गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला घेतलेल्या सोब्रायटी टेस्टमध्ये (चालक दारूच्या नशेत आहे का हे पाहणाऱ्या चाचणीत) नापास झालात की खटला तिथेच संपला, ही चाचणी शास्त्रीय असून 91 टक्के अचूक आहे, तिला नकार दिला तर लायसन्स जाते, न्यायालय पोलिसाचाच शब्द मानते, म्हणून वकिलावर पैसे न घालवता गुन्हा कबूल करावा, दंड भरावा आणि मोकळे व्हावे. दारू पिऊन गाडी चालवणे हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु हा संदेश खरा मानून जो माणूस सही करून मोकळा होतो, तो मर्यादेपेक्षा जास्त प्यायलेला असेलच असे नाही, आणि म्हणून त्यातील एकेक विधान तपासले पाहिजे.

प्रथम 91 टक्क्यांचा आकडा. तो खोटा नाही. 1998 साली सॅन डिएगो येथे झालेल्या अभ्यासातून तो आलेला आहे. त्यात 297 वाहनचालकांबाबत पोलिसांनी बांधलेला अंदाज आणि प्रत्यक्ष मोजलेले रक्तातील मद्याचे प्रमाण यांची तुलना केली होती. कायद्याने ठरवलेल्या 0.08 टक्के या मर्यादेच्या वर किंवा खाली, हा अंदाज 269 जणांच्या बाबतीत बरोबर ठरला. हेच ते 91 टक्के. आता आतले आकडे पाहा. या 297 पैकी 214 जण, म्हणजे 72 टक्के, मुळातच मर्यादेच्या वर होते. एकही चाचणी न घेता सगळ्यांना सरसकट दोषी म्हटले असते तरी 72 टक्के अचूकता पदरात पडली असती. मर्यादेच्या खाली होते ते 83 जण, आणि त्यांपैकी 24 जणांना पोलिसांनी मर्यादेच्या वर धरले. याचा अर्थ, मर्यादेत असलेल्या दर शंभरांतील जवळपास एकोणतीस जणांवर चुकीचा ठपका आला. आरोपीच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा हा आहे, आणि संदेशात नेमका तोच नाही. शिवाय या चाचण्यांवरून मद्याच्या प्रमाणाचा अंदाज बांधायचा असतो, गाडी चालवण्याची क्षमता त्या मोजत नाहीत, हे त्या अभ्यासाच्या लेखकांनीच स्पष्ट केले होते.

'नापास' हा शब्दही दिशाभूल करणारा आहे. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने प्रमाणित केलेल्या चाचण्या तीन : हलत्या वस्तूचा नजरेने पाठलाग करताना बुबुळे थरथरतात का हे पाहणे, सरळ रेषेवर चालून वळणे, आणि एका पायावर तीस सेकंद उभे राहणे. त्यांतील चालण्याची चाचणी जवळून पाहू. एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, टाच चवड्याला भिडलेली, हात अंगालगत, अशा अवघड अवस्थेत उभे राहून आधी सगळ्या सूचना ऐकायच्या असतात. मग मोठ्याने मोजत नऊ पावले, लहान लहान पावले टाकत वळण, आणि पुन्हा नऊ पावले. अधिकाऱ्याने टिपायच्या खुणा आठ आहेत आणि त्यांतील दोन आढळल्या की निष्कर्ष चालकाच्या विरुद्ध जातो. सूचना संपण्यापूर्वी चालायला लागणे ही एक खूण. तोल सावरण्यासाठी हात सहा इंच किंवा त्याहून अधिक उचलणे ही दुसरी. अठरापैकी सोळा पावले निर्दोष पडली, याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. रात्रीची वेळ, शेजारून सुसाट जाणारे ट्रक, डोळ्यांवर गस्तीच्या गाडीचे लखलखते दिवे, आणि भराभर बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीतील सूचना. मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेल्या, घरी मराठीतच बोलणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थांना या अवस्थेत कल्पून पाहा. पासष्टीच्या पुढच्या, तसेच पाठीचा, पायाचा किंवा अंतर्कर्णाचा विकार असलेल्या व्यक्तींना तोलाच्या चाचण्या जड जाऊ शकतात, आणि दोन इंचांहून उंच टाचेची पादत्राणे काढण्याची संधी द्यावी, हे पोलिसांच्या प्रशिक्षण-पुस्तिकेतच लिहिलेले आहे. बचाव पक्षाचा वकील हीच पुस्तिका हातात घेऊन उलटतपासणी करतो.

न्यायालय पोलिसाचेच ऐकते, हे विधान तर निकालांच्याच विरुद्ध जाते. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मॅककाउन प्रकरणात बुबुळांची चाचणी मद्यप्राशनाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरली; परंतु त्या खटल्यात ती ठरलेल्या पद्धतीने घेतलेली नव्हती, म्हणून शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली होमन प्रकरणात प्रमाणित पद्धतीचे काटेकोर पालन आवश्यक ठरवले होते; पुढे तेथील विधिमंडळाने कायदा बदलून 'बऱ्याच अंशी पालन' पुरेसे मानले. होमन प्रकरणातील चालकाची सुटका मात्र झाली नाही, कारण चाचण्या बाजूला ठेवूनही अटकेला पुरेसे कारण होते, हेही सांगितले पाहिजे. रस्त्यावरच्या चाचणीला आव्हान दिले की आरोपी सुटतोच, असा उलटा संदेश कोणी पसरवला तर तोही तितकाच चुकीचा ठरेल. श्वासाच्या किंवा रक्ताच्या तपासणीत प्रमाण मर्यादेबाहेर आले असेल, तर तो पुरावा स्वतंत्रपणे उभा राहतो. मात्र अटकेचा आधारच कोसळला, तर त्यानंतर मिळवलेल्या त्या पुराव्यालाही हरकत घेता येते.

नकाराबाबतच्या विधानात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. कायदेशीर अटकेनंतर होणाऱ्या श्वासाच्या किंवा रक्ताच्या रासायनिक तपासणीला नकार दिल्यास लायसन्स निलंबित होते, हे खरे. अटकेपूर्वीच्या चालण्या-उभे राहण्याच्या चाचण्या मात्र बहुतेक राज्यांत ऐच्छिक आहेत आणि केवळ त्या नाकारल्यामुळे लायसन्स जात नाही. तो नकार पुढे खटल्यात चालकाच्या विरुद्ध मांडता येतो का, याचे उत्तर राज्यागणिक बदलते.

'दंड भरा आणि मोकळे व्हा' हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण ज्यांच्यामध्ये हा संदेश फिरतो त्यांतील कित्येक जण व्हिसावर राहतात. 2015 पासून अमेरिकेचे परराष्ट्र खाते मद्यपान करून गाडी चालवल्याच्या आरोपाखाली केवळ अटक झाली असली, तरीही व्हिसा रद्द करू शकते. मग व्यक्ती देशाबाहेर गेली की परतण्यासाठी नवा व्हिसा आणि त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी, अशी वाट धरावी लागते. नव्या अर्जात अटकेची माहिती द्यावीच लागते. अशा वेळी समोर ठेवायची कागदपत्रे निर्दोष सुटकेची आहेत, आरोप सौम्य झाल्याची आहेत, की घाईत दिलेल्या कबुलीची आहेत, यामुळे मोठा फरक पडतो. गुन्ह्याच्या कबुलीमुळे देशाबाहेर काढले जाण्याचा धोका असेल तर वकिलाने तो आशिलाला सांगितलाच पाहिजे, असे संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पाडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात ठरवले. वकीलच न नेमणाऱ्याला हे संरक्षण कोठून मिळणार?

आपल्यावर किंवा आपल्या माणसावर असा प्रसंग आला, तर कबुलीची सही करण्यापूर्वी वकिलामार्फत गस्तीच्या गाडीतील आणि अधिकाऱ्याच्या अंगावरील कॅमेऱ्याचे चित्रीकरण लेखी मागवावे. सूचना कोणत्या शब्दांत दिल्या, रस्ता सपाट होता की उतरता, वस्तू डोळ्यांसमोर किती वेगाने फिरवली, हात खरोखर सहा इंच उचलला गेला का, हे त्यातच दिसते. ही मागणी पहिल्या काही दिवसांतच करावी, कारण चित्रीकरण ठरावीक मुदतीनंतर पुसले जाऊ शकते.